सॅक की डफल: आफ्रिकेतील तंबू-सफरीला कोणती बॅग न्यावी

केनिया, टांझानिया किंवा नामिबियाची तंबूतल्या मुक्कामाची सफर ज्यांनी ठरवली आहे, ज्यांची विमानाची तिकिटे काढून झाली आहेत आणि आयोजकांनी पाठवलेली सामानाची यादी जे सध्या पुन्हा पुन्हा वाचत आहेत, त्यांच्यापुढे शेवटी एक प्रश्न हमखास उरतो, तो म्हणजे हे सारे भरायचे कशात. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाकडे साठ लिटरची सॅक बहुधा असतेच. यादीत मात्र ‘मऊ बॅग’ एवढेच लिहिलेले असते आणि सोबतच्या छायाचित्रात डफल, म्हणजे आत सांगाडा नसलेली, लांब चेनने उघडणारी आडवी कापडी बॅग दिसते. हाताशी चांगली सॅक असताना डफलवर वेगळा खर्च करावा का, असे सांगली-मिरजेकडचे परिचित मला अधूनमधून विचारतात. दोन्ही बॅगा मी वापरलेल्या असल्यामुळे माझा अनुभव येथे थोडा तपशिलात लिहीत आहे.

कठीण कवचाची ट्रॉली बॅग या तुलनेत धरलेली नाही. सफारीच्या गाडीत सामान दाबून, एकावर एक रचून बसवतात, त्यात ती बसत नाही. मध्ये छोट्या विमानाचा टप्पा असेल, तर साधारणपणे पंधरा किलोंची मर्यादा आणि मऊ बॅगेची अट असते. गवताळ कॅम्पसाइटवर चाकांचाही काही उपयोग होत नाही.

केनिया-टांझानियाच्या सफरीत माझ्याजवळ सॅक होती आणि त्याच तंबूत माझ्या मेहुण्यांजवळ डफल होती. त्यामुळे एकाच थंडीत, एकाच धुळीत आणि जवळजवळ सारख्याच सामानासह दोन्ही बॅगा शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्या. पुढे नामिबियाला जाताना मी स्वतः डफल नेली.

सॅकचे गुण सांगलीहून निघणाऱ्याला प्रवासाच्या पहिल्याच रात्री जाणवतात. महालक्ष्मी एक्सप्रेस स्टेशनात थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात डब्यात चढायचे, दुसऱ्या दिवशी मुंबईत गर्दीतून जिने आणि पूल ओलांडायचे आणि विमानतळ गाठायचा, हे सर्व सॅक पाठीवर असली की दोन्ही हात मोकळे ठेवून होते. कमरेचा पट्टा नीट आवळला, तर वजन खांद्यांवरून कमरेवर उतरते आणि अर्धा-पाऊण तास चालले तरी खांदे भरून येत नाहीत. डफललाही पाठीवर घेण्याचे पट्टे असतात, परंतु आत सांगाडा नसल्यामुळे ती पाठीवर लोंबते आणि तिचा तळ कमरेवर आदळत राहतो. दादर स्टेशनचा पूल चढताना मेहुण्यांनी ती दोन वेळा खाली टेकवली होती. म्हणून घरापासून विमानतळापर्यंतच्या प्रवासात सॅक उजवी ठरते, हे मी निःसंकोच मान्य करतो.

परंतु सफर सुरू झाल्यावर बॅगेचे काम बदलते, आणि यादी वाचताना ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नैरोबीहून केनिया-टांझानियामधली नमांगाची सीमा ओलांडून अरुशाला आणि तेथून पुढे अभयारण्यांकडे सर्व प्रवास गाडीने होतो. बॅग पाठीवर चढते ती गाडीपासून तंबूपर्यंत, म्हणजे पाच-पन्नास पावले. उलट ती उघडावी लागते दिवसातून अनेकदा: मुक्कामी पोहोचल्यावर, आंघोळीला जाताना, जेवणापूर्वी थंडी वाढली की, झोपताना, पहाटे अंधारात, आणि तंबू उतरवण्याआधी सगळे पुन्हा भरताना. गडावर मुक्कामाला जाणारा माणूस बॅग तासन्‌तास वाहतो आणि दोन-तीनदा उघडतो. या सफरीत नेमके त्याच्या उलट घडते.

टांझानियातील न्गोरोंगोरो विवराच्या काठावरील मुक्कामात हा फरक मला फार जाणवला. हे विवर म्हणजे लाखो वर्षांपूर्वी खचलेल्या ज्वालामुखीचे मुख. त्याचा तळ काठापासून सुमारे सहाशे मीटर खोल आहे आणि काठाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ हजार मीटर अधिक. विषुववृत्ताजवळच्या देशात थंडी कसली, असे निघताना वाटते. परंतु आपल्याकडे पावसाळा असतो त्या जून ते ऑगस्टच्या काळात तेथे कोरडा, थंड हंगाम असतो आणि काठावरच्या धुक्यात, वाऱ्यात रात्री तापमान एक आकडी होते. संध्याकाळी ऊन असेपर्यंत मी सदऱ्यावर होतो. रात्री मला थर्मल, लोकरी मोजे आणि कानटोपी हवी होती, आणि तिन्ही वस्तू सॅकच्या तळाशी होत्या.

आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, जशी वरची हळद उपसल्याखेरीज तळाची हाती लागत नाही, तशीच ही सॅक. बक्कल काढायचे, टोपण उलटायचे, दोरी सैल करायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपडायचे. मोजे म्हणून हाती लागतो तो टॉवेल, आणि टॉवेल बाहेर ओढताना औषधांचा डबा तंबूच्या जमिनीवर पडतो. दोन माणसांच्या तंबूत दोन मॅट अंथरल्यावर मध्ये वीतभर जागा उरते. त्या जागेत निम्मी सॅक रिकामी करावी लागते. हेडटॉर्चचा झोत झोपलेल्या सोबत्याच्या तोंडावर जातो आणि दव लागून ओलसर झालेल्या कापडाला टेकलेले कपडे सकाळपर्यंत गारढोण होतात. विवरात उतरणाऱ्या गाड्या भल्या सकाळी निघतात, त्यामुळे पहाटे हाच सारा क्रम उलट दिशेने करावा लागतो. एखाद्या रात्रीचा त्रास माणूस विसरून जातो. हा मात्र रोजचा होता, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या माणसाची झोप मोडत होती.

त्याच रात्री मेहुण्यांनी केले ते एवढेच: डफलची चेन एका ओढीत तीन बाजूंनी उघडली, झाकण मागे टाकले, उजव्या कोपऱ्यातली निळ्या काठाची पिशवी उचलली आणि चेन लावली. टॉर्च लावण्याचीही त्यांना गरज पडली नाही. माझ्यापुरता निर्णय मला वाटते तेथेच झाला.

त्या निळ्या काठाच्या पिशवीविषयी थोडे लिहिले पाहिजे. कपडे दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत बांधून बॅगेत रचायची आपल्याकडे जुनी सवय आहे. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी घातली आणि १ जून २०१९ पासून टांझानियानेही ती लागू केली. प्रवाशांनी अशा पिशव्या देशात आणू नयेत, अशीच तेथे अपेक्षा असते. प्रसाधनाच्या वस्तूंसाठी पारदर्शक झिपलॉक पिशवी टांझानियात चालते, मात्र ती परत आपल्यासोबत नेली पाहिजे. केनियातील अभयारण्यांत तर जून २०२० पासून एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्यांनाही मनाई आहे, म्हणून स्टीलची बाटली घरूनच न्यावी. आपल्या महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी असूनही कपाटाच्या वरच्या फळीवर पिशव्यांचा गठ्ठा असतोच. या प्रवासाला तो घरीच ठेवावा. मेहुण्यांच्या घरी जुन्या सुती साड्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या होत्या, प्रत्येकीचा काठ वेगळा: निळ्यात गरम कपडे, हिरव्यात रोजचे, लालमध्ये औषधे आणि टॉर्चचे सेल. सुती पिशवी आवाज करत नाही, आतल्या कपड्यांना वारा लागू देते आणि मळली तर धुता येते. अशा पिशव्या सॅकमध्येही घालता येतात, मी पुढे घातल्याही. पण तेथे त्या एकीवर एक बसतात आणि तळाची पिशवी तळाचीच राहते. डफलमध्ये त्या शेजारी-शेजारी बसतात.

आता डफलचे दोषही सांगायला हवेत, कारण ते आहेत. सर्वांत मोठा दोष धुळीचा. टांझानियातील सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या मैदानांतील माती ज्वालामुखीच्या राखेची आहे आणि ती पिठासारखी बारीक धूळ बंद काचांतूनही आत येते. नामिबियात सोसुसव्लेईच्या वाटेवर वाळू तसेच करते. डफलची सगळी भिस्त एका लांब चेनवर असते आणि चेनच्या दातांत धूळ बसली की ती अडते. जोर लावून ओढल्यास दात सुटतात, आणि चेन गेली की बॅगच गेली; सॅकची दोरी आणि बक्कल मात्र धुळीला दाद देत नाहीत. मी जुना टूथब्रश आणि पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा सोबत ठेवतो. मुक्कामी पोहोचल्यावर ब्रशने दात झाडायचे आणि दर दोन-तीन दिवसांनी मेण फिरवायचे, एवढ्यावर माझी चेन नामिबियाच्या पूर्ण सफरीत सुरळीत चालली. प्रत्येकाला हा सोपस्कार आवडेलच असे नाही.

दुसरा दोष असा की अर्धी रिकामी डफल ढिली पडते आणि आतले सामान एका टोकाला घसरते. बाजूचे आवळपट्टे असलेली घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो. विमानात सामान चढवताना मात्र डफल सरस वाटली. सॅकचे लोंबते पट्टे सरकत्या पट्ट्यात अडकू नयेत म्हणून ती वेगळ्या खोळीत घालावी लागते, आणि दोरीने आवळलेल्या तोंडाला कुलूप लावता येत नाही. डफलच्या चेनच्या दोन्ही टोकांना एक लहान कुलूप पुरते.

पुढून चेन उघडणारी सॅक हा मधला मार्ग अलीकडे सहज मिळतो आणि पुष्कळांना तो पटतो. मला तो निम्माच पटला. सॅक गच्च भरली की त्या चेनवर ताण येतो, आणि तंबूत उघडण्यासाठी सॅक आडवी टाकली की तिचा फुगीर पाठकणा व पट्टे खाली येऊन ती डगमगते. तरीही ज्यांना एकच बॅग सह्याद्रीतही वापरायची आहे, त्यांच्यासाठी तिचा विचार करण्यास हरकत नाही.

खाण्याच्या बाबतीत दोन्ही बॅगांना एकच नियम आहे. सांगलीचा माणूस भडंग आणि बेदाणे घेतल्याशिवाय निघत नाही, आणि निघूही नये. परंतु हे पदार्थ तंबूत ठेवायचे नाहीत. बबून माकडे दिवसा तंबूची चेन उघडून आत शिरतात आणि रात्री तरस वासावर येतात. खाऊ गाडीत किंवा कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यावा लागतो, आणि तो मुक्कामावर पोहोचताच काढता यावा म्हणून वेगळ्या पिशवीत सर्वांत वर हवा. सॅकमध्ये वरची जागा अशी एकच असते आणि तिच्यावर खाऊ, जाकीट व टॉर्च असे तिघांचे हक्क असतात.

बॅग कोणतीही असो, कपडे खाकी, करड्या किंवा फिकट रंगाचे न्यावेत. त्सेत्से या आफ्रिकेतल्या चावणाऱ्या माशीला गडद निळा आणि काळा रंग आकर्षित करतो. तिला पकडण्याचे सापळेही याच रंगांचे असतात. पॉवरबँक चेक-इनच्या सामानात चालत नाही. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होते आणि केनियाहून परतताना ते नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. म्हणून लस वेळेवर घ्यावी. हे प्रमाणपत्र, मलेरियाच्या गोळ्या, पॉवरबँक आणि एक गरम कपडा पंचवीस-तीस लिटरच्या छोट्या पाठपिशवीत घालून जवळच ठेवावा. ही छोटी पिशवी दिवसभर अंगावर असते, तेव्हा पाठीला आराम देणाऱ्या पट्ट्यांवर खर्च करायचा तर तो हिच्यावर करावा, असे मला वाटते.

सॅकच न्यावी अशा सफरीही आहेत. जेथे आपले ओझे आपणच वाहून एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी चालत जायचे आहे, तेथे डफलचा विचारही करू नये. किलिमांजारोवर मात्र मोठी बॅग हमाल नेतात आणि ते ती बहुधा डोक्यावर किंवा मानेवर घेतात. तेथेही मऊ डफलच मागतात आणि आपल्या पाठीवर छोटी पिशवीच असते.

नामिबियात एतोशा अभयारण्यातील ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात आणि गेंडे पाण्यावर येतात. गेंडा आल्याची कुजबुज तंबूंतून सुरू झाली, तेव्हा डफलमधून जाकीट बाहेर काढून पाणवठ्यापर्यंत पोहोचायला मला काहीच वेळ लागला नाही. सॅक असती, तर बहुधा मी जाकिटाशिवाय तरी गेलो असतो किंवा उशिरा तरी. एवढ्यावरून कोणी नियम करू नये, पण माझे मत त्यामुळे अधिक पक्के झाले.

घ्यायची ठरल्यास डफल साठ-सत्तर लिटरची, जाड दातांच्या चेनची, झाकण तीन बाजूंनी उघडणारी आणि दोन्ही टोकांना मुठी असलेली पाहावी. गाडीतून ओढून काढताना त्या मुठीच उपयोगी पडतात. दुकानात स्वतःची स्लीपिंग बॅग नेऊन ती भरून पाहावी. नवा खर्च करायचा नसेल आणि सॅकच न्यायची असेल, तर स्लीपिंग बॅग वेगळ्या खोळीत बाहेर बांधावी, दिवसाचे कपडे तळाशी आणि रात्रीचे सर्व वर ठेवावेत, आणि निघण्यापूर्वी एकदा घरातच दिवे मालवून कानटोपी किती वेळात हाती लागते ते पाहून घ्यावे.