तहसीलचा अभिलेख कक्ष: गावाचा इतिहास शोधायला कितपत उपयोगी?

गावाचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेकांना आधी पुण्याचं पेशवे दप्तर आठवतं. पण साध्या शेतकऱ्यांची, बलुतेदारांची नावं शोधायची असतील तर तहसील कचेरीतला अभिलेख कक्षच कामाचा. मात्र हवा तो कागद नावानिशी मागता आला पाहिजे. "आमच्या गावाचं जुनं काही आहे का?" असं विचारलंत तर उत्तर बहुधा "नाही" येतं, कारण गठ्ठे गाव आणि नमुन्याप्रमाणे (नमुना म्हणजे गावच्या महसुली नोंदवहीचा ठरावीक क्रमांकाचा प्रकार) बांधलेले असतात, विषयाप्रमाणे नव्हेत.

सगळ्यात मोलाचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंदवही. नाव, बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण, सगळं एका ओळीत. 1918 ची वही शिल्लक असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं जरूर पाहा. इन्फ्लुएंझाची ती साथ अशा वह्यांत ओळीमागून ओळ नुसत्या ‘ताप’ या शब्दाने उतरलेली असते. गावावर काय कोसळलं ते इतक्या जवळून दाखवणारा दुसरा कागद क्वचितच मिळेल.

वंशावळीसाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही, नमुना 6 मागा. वारस नोंदीत मयताचं आणि वारसांचं नातं लिहिलेलं असतं. असे दोन-तीन फेरफार जोडले की तीन पिढ्या लागतात. मराठवाड्यातल्या गावांसाठी 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार जमिनीची नोंद, विसरू नका.

शोध अडतो तो बहुतेक वेळा नंबरावर. 1947 च्या कायद्याने जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन 1930 चा कागद सापडणार कसा? आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा काढा, त्यावरून जुना नंबर कळतो. तालुका किंवा जिल्हा फुटला असेल, तर मूळ ठिकाणीही विचारा. पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून.

जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे नवख्याची आडनावात हमखास गल्लत होते. पानाच्या डोक्यावरचं गावाचं नाव आपल्याला ठाऊक असतं. त्याच हातचं ते अक्षर घोटा आणि मग खालची नावं लावा. फसली साल, म्हणजे पावसाळ्यात सुरू होणारं जुनं महसुली वर्ष, दिसलं तर इसवी सन काढायला पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या नोंदीत 590 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या नोंदीत 591.

पानं ठिसूळ असतात, थुंकी लावून उलटू नका. नकलेच्या अर्जात गाव, नमुना, साल आणि नंबर चारही लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा. नक्कल हाती आली की खिडकीवरच उजव्या कडेचा शेऱ्याचा रकाना तपासा. वही रुंद असल्याने झेरॉक्समध्ये नेमका तोच कापला जातो, आणि फेरफार मंजूर झाला की रद्द, हे बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं.