पोर्टेबल-व्हर्च्युअलबॉक्स : संगणक खिशात मावतो, पण चालतो कुठे?

एका संगणकात दुसरा संपूर्ण संगणक चालवणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. हा दुसरा संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, प्रत्यक्षात मोजक्या फायलींचा संच असतो. त्याची हार्ड डिस्क ही एक भलीमोठी फाइल आणि त्याला किती रॅम, किती प्रोसेसर, कोणते नेटवर्क द्यायचे याची नोंद ठेवणारी दुसरी छोटी फाइल. मग या फायली पेनड्राइव्हवर घालून कुठेही का नेऊ नयेत, हा विचार ओघानेच येतो. पोर्टेबल-व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत साधन नेमकी हीच सोय देऊ करते : विंडोजच्या संगणकाला ड्राइव्ह जोडायचा, एका आयकॉनवर डबल क्लिक करायचे, आपल्या संगणकावर काम करायचे आणि ड्राइव्ह काढून घरी जायचे. माझे मत आधीच सांगून टाकतो. व्हर्च्युअल संगणक खरोखरच फिरता असतो, परंतु त्याला चालवणारा प्रोग्राम तसा नसतो. आणि या साधनाची सगळी धडपड त्या प्रोग्रामलाही फिरता करण्यासाठी असल्यामुळे ते जिथे सर्वाधिक गरज असते नेमके तिथेच अडते.

मूळ व्हर्च्युअलबॉक्स इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ साली मुक्त स्रोत स्वरूपात खुले केले, २००८ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर व्हर्च्युअलबॉक्सही तिकडे गेले. पोर्टेबल-व्हर्च्युअलबॉक्सचा ओरॅकलशी संबंध नाही. ते स्वतंत्र प्रोग्रामरांनी लिहिलेले एक छोटे आवरण आहे. पहिल्यांदा चालवल्यावर ते मूळ व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घेते, त्यातील आवश्यक फायली आपल्याच फोल्डरमध्ये मोकळ्या करते आणि पुढे सर्व सेटिंग्ज यजमान संगणकाच्या, म्हणजे ज्याला ड्राइव्ह जोडला त्या संगणकाच्या, सी ड्राइव्हवर न ठेवता त्याच फोल्डरमध्ये ठेवते. यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. नेहमीचे व्हर्च्युअलबॉक्स आपल्या मशीनांची यादी वापरकर्त्याच्या खात्यात, पूर्ण पत्त्यासह नोंदवते. त्यामुळे विंडोजने काल ई हे अक्षर दिलेल्या ड्राइव्हला आज जी दिले की यादीतले मशीन ‘उपलब्ध नाही’ असे दिसू लागते. हे आवरण पत्ते सापेक्ष, म्हणजे स्वतःच्या फोल्डरच्या संदर्भाने, ठेवून ही डोकेदुखी बऱ्यापैकी मिटवते, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

आता अडचणीकडे येऊ. आयकॉनवर डबल क्लिक केल्याबरोबर पडदा किंचित काळवंडतो आणि या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यायचा का, असे विंडोज विचारते. घरच्या संगणकावर आपण ‘होय’ म्हणतो आणि विसरून जातो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, बँकेत किंवा सरकारी कचेरीत मात्र त्याच चौकटीत ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो, आणि तो आपल्याकडे नसतो. ही अट म्हणजे कोणाचा हेकटपणा नव्हे. व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरशी थेट बोलण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी संवाद साधणारा छोटा प्रोग्राम, बसवावा लागतो, आणि गाभ्यात ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार साध्या खात्याला नसतो, नसावाही. आवरण हा ड्रायव्हर सुरुवातीला चढवते व बंद होताना उतरवते, एवढाच काय तो फरक. यूएसबी उपकरणे पाहुण्या मशीनला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, द्यायची असतील किंवा नेटवर्क ब्रिज पद्धतीने, म्हणजे मशीन स्वतंत्र संगणकासारखे नेटवर्कवर दिसेल असे, जोडायचे असेल तर आणखी ड्रायव्हर लागतात आणि त्यांचे पर्याय सेटिंग्जमध्ये वेगळे चालू करावे लागतात. साधे इंटरनेट तेवढे त्याशिवाय चालते. शिवाय ‘अज्ञात प्रोग्राम ड्रायव्हर चढवू पाहतो आहे’ असे दिसल्यावर काही अँटिव्हायरस दचकतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पासवर्ड मिळाला तरी पुढची पायरी असतेच. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्सने केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर मशीन चालवण्याची जुनी पद्धत काढून टाकली. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवण्याची व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही ही सोय असणे आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती चालू असणे आता सक्तीचे आहे. कित्येक जुन्या संगणकांवर ती बंद ठेवलेली आढळते, आणि परक्याच्या संगणकाच्या बायोसमध्ये शिरणे प्रशस्त नव्हे. नव्या विंडोज ११ च्या यंत्रांवर उलटाच प्रकार घडतो : तिथे व्हर्च्युअल मशीन चालवणारे मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे हायपर-व्ही सुरक्षिततेच्या कामासाठी आधीच प्रोसेसरच्या या सोयीवर ठाण मांडून बसलेले असते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स चालते, पण खिडकीच्या खालच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात, एक हिरवे कासव दिसू लागते. ते दिसले की संयम राखावा. चित्र अगदी यथार्थ आहे.

ड्राइव्हच्या निवडीबाबत लोक सर्वाधिक फसतात, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. स्वस्त पेनड्राइव्हच्या पाकिटावर छापलेला वेग हा एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. कार्यरत ऑपरेटिंग सिस्टिम मात्र सतत, इकडेतिकडे, बारीक बारीक लिहीत असते, आणि हे काम साध्या पेनड्राइव्हला मुळीच झेपत नाही. यूएसबी ३.० ची वाट सेकंदाला ५ गिगाबिटची आणि यूएसबी २.० ची ४८० मेगाबिटची, हे खरे असले तरी वाट रुंद असून उपयोग नाही. पलीकडची चिप मंद असेल तर विंडोज १० चे मशीन सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो आणि अपडेट सुरू झाले तर जेवणही. म्हणून पेनड्राइव्हऐवजी यूएसबीला जोडायची बाह्य एसएसडी घ्यावी, हा माझा ठाम सल्ला आहे. त्यावर तेच मशीन अंतर्गत डिस्कवर असल्यासारखे वागते आणि या साऱ्या खटाटोपातला अर्धा त्रास संपतो. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर पाहुणी प्रणाली हलकी निवडावी, जसे की एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचे लिनक्स.

ड्राइव्हचा फॉरमॅट, म्हणजे त्यावर फायली मांडण्याची पद्धत, हाही पाहून घ्यावा. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये येतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. वाढत जाणारी डिस्क फाइल ही मर्यादा गाठते तेव्हा मशीन मध्येच थबकते. एक्सफॅटमध्ये ती मर्यादा नाही, परंतु बदलांची नोंदवही नसल्यामुळे ड्राइव्ह अवेळी उपसला गेला तर फाइल बिघडण्याची भीती अधिक असते. फक्त विंडोजवरच काम असेल तर एनटीएफएस बरे. आणि मशीन ‘सेव्ह स्टेट’ करून, म्हणजे चालू स्थितीतच थिजवून, नेण्यापेक्षा नीट बंद करून न्यावे, कारण थिजवलेली स्थिती इंटेलच्या संगणकावर घेतली असेल तर ती एएमडीच्या संगणकावर पुन्हा जागी होईलच असे नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर माझ्या मते अधिक शहाणपणाचा मार्ग वेगळा आहे. ज्या दोन-तीन ठिकाणी आपण खरोखर काम करतो, तिथे साधे व्हर्च्युअलबॉक्स रीतसर बसवून घ्यावे, सर्वत्र एकच आवृत्ती ठेवावी आणि एसएसडीवर केवळ मशीनचे फोल्डर न्यावे. त्यातील छोट्या व्हीबॉक्स फायलीवर डबल क्लिक केले की मशीन यादीत येते, कारण ती फाइल आपल्या डिस्कचा पत्ता फोल्डरच्या संदर्भातच ठेवते. काम झाल्यावर यादीतून काढताना ‘फक्त काढा’ हा पर्याय निवडायचा. शेजारचे ‘सर्व फायली पुसा’ हे बटण चुकून दाबले तर एसएसडीवरचे मूळ मशीनच जाते आणि ते रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

अशा फिरत्या मशीनचा खरा उपयोग मला आपल्या मराठी छपाईच्या व्यवसायात दिसतो. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये, युनिकोड या आजच्या अक्षरप्रमाणाच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिकांचे साचे आजही अनेक डीटीपी करणाऱ्यांच्या संग्रही आहेत, आणि ते नव्या विंडोजवर उघडले की अक्षरांचा चुराडा होतो. विंडोज एक्सपीचे एक मशीन त्यात पेजमेकर आणि जुने फाँट घालून एकदा तयार केले की ते घरी, छापखान्यात, कुठेही जसेच्या तसे उघडते. फाँटच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) लागत असेल तर ते मशीनला जोडून देता येते. पूर्वी यूएसबी २.० साठीही ओरॅकलचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींची पुरवणी) वेगळा लागे, व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून ती सोय मूळ प्रोग्राममध्येच आली आहे. मात्र एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हा अशा मशीनचे नेटवर्क बंद ठेवावे आणि पीडीएफ शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढावी.

ज्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मिळणारच नाही, त्यांच्यासाठी फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेले क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे साधन आहे. ते ड्रायव्हर न बसवता, साध्या खात्यातून, थेट ड्राइव्हवरून चालते, कारण पाहुण्याची प्रत्येक सूचना ते स्वतः भाषांतरित करते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. डॉस, विंडोज ९८ किंवा अगदी छोटे लिनक्स यांना ते पुरते. विंडोज १० चा आग्रह धरू नये. ड्राइव्हवरूनच विंडोज सुरू करण्याचा मायक्रोसॉफ्टचा विंडोज टू गो हा पर्याय २०२० मध्येच बंद झाला. रूफस किंवा व्हेंटॉय या साधनांनी तयार केलेल्या ड्राइव्हवरून लिनक्स बूट करणे वेगवान असते, पण त्यासाठी यजमान संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो आणि कार्यालयात ते सहसा चालवून घेतले जात नाही. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर आणि ॲपलच्या नव्या मॅकवर तर इंटेलसाठी बनवलेले मशीन व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणार नाही, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

सुरक्षिततेबद्दल एक गैरसमज मात्र खोडायला हवा. परक्या संगणकावर आपले मशीन उघडले म्हणजे आपण सुरक्षित, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे : कळफलक यजमानाचा, पडदा यजमानाचा, रॅमही यजमानाची, तिथे कळा टिपणारा प्रोग्राम बसलेला असेल तर आपण मशीनमध्ये टाकलेला पासवर्डही त्याला मिळतो. सायबर कॅफेत बसून अशा मशीनमधून बँकेचे व्यवहार करू नयेत. ड्राइव्ह हरवण्याचा धोका वेगळा. त्यासाठी विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने तो कुलूपबंद करावा, विंडोजच्या होम आवृत्तीवरही असा ड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो.

खर्च म्हणाल तर तो एसएसडीचाच. आवरण फुकट आहे, व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्रामही कार्यालयात विनामूल्य वापरता येतो. एक्स्टेन्शन पॅक मात्र केवळ वैयक्तिक व शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे, तेव्हा व्यवसायाच्या संगणकावर तो सवयीने बसवू नये. विंडोजचे मशीन असेल तर त्या विंडोजचा परवानाही वेगळा लागतोच.