आरव की अर्णव? एकाच ओवीतली दोन नावं

भावाच्या घरी बारशाची तयारी चालली होती. पाळण्याला झालर लागली, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडले, पण नावाचा पत्ता नव्हता. यादी गाळत गाळत दोनच नावं उरली होती, आरव आणि अर्णव. कानात 'कुर्रर्र' करणारी आत्या मीच, त्यामुळे दोन्ही नावांची चौकशी माझ्या गळ्यात आली. तेव्हा जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण याच दोन नावांपाशी अडलेली आणखी घरं माझ्या ओळखीत आहेत.

नावरसाने निवाडा होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणारं कोष्टक म्हणजे अवकहडा चक्र. त्यात 'अ' हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं अक्षर, आणि तिथे अ-आ असा भेद कुणी करत नाही. म्हणजे दोन्ही नावं एकाच घरात बसतात.

मग अर्थाकडे वळलो. आरव म्हणजे 'शांत', असं वहिनीने मोबाइलवर चार ठिकाणी वाचलं होतं. हे मला पटेना. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज. पाखरांचा कलरव आपण म्हणतोच, आणि जिथे आवाज नाही ते नीरव. 'आरव' म्हणजे नाद, मोठ्याने केलेला आवाज. आपल्या रोजच्या मराठीत याच कुळातलं क्रियापद आहे: कोंबडा आरवतो. शांत अर्थाचा शब्दही आहे, पण तो 'अरव', सुरुवातीचा अ ऱ्हस्व. मला वाटतं घोळ इंग्रजी लिपीमुळे झाला असावा. एकच ए लिहिला की अरव आणि आरव सारखेच दिसतात, आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो.

अर्णवाच्या बाबतीत असा गोंधळ नाही. 'अर्णस्' म्हणजे पाणी, उसळतं पाणी. त्यातला स् गळून व लागला आणि अर्णव झाला. अमरकोशात समुद्राची नावं येतात त्यात 'सरस्वान् सागरोऽर्णवः' असा हा शब्द आहे. त्याहून जुना दाखला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, अघमर्षण सूक्तात: 'ततः समुद्रो अर्णवः'. ऋत, म्हणजे सृष्टीचा नियम, आणि सत्य उपजलं, मग रात्र झाली, मग लाटांनी खवळलेला समुद्र. सृष्टीच्या आरंभाच्या वर्णनात हा शब्द आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बंगालमध्ये हेच नाव अर्णब होतं.

इथपर्यंत माझा कौल सरळ अर्णवला होता. पण त्या संध्याकाळी आई दिवा लावून नेहमीप्रमाणे पसायदान म्हणत होती आणि एका ओवीपाशी मी जागीच थांबले:

चला कल्पतरूंचे आरव ।
चेतना चिंतामणींचें गाव ।
बोलते जे अर्णव ।
पीयूषांचे ॥

शाळेत रोज हात जोडून म्हटलेली ओवी. दोन्ही नावं तिच्यात शेजारी शेजारी बसलेली, आणि आम्ही आठवडाभर मोबाइल चाळत होतो! ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण करताना हे मागणं मागितलं. ओवी संतसज्जनांची आहे. ते कसे, तर कल्पवृक्षांच्या चालत्या बागा, चिंतामणींची जिवंत गावं, अमृताचे बोलणारे समुद्र. इथला 'आरव' आवाज नव्हे, बाग आहे, उपवन आहे. एका जागी उभी न राहता लोकांपर्यंत चालत जाणारी, मागेल ते देणारी बाग. मुलाच्या नावाला याहून चांगला अर्थ कुठे शोधायचा? संस्कृतातला आरव मला साधारण वाटला होता, ज्ञानोबांचा आरव मनापासून आवडला. आणि अर्णवही नुसता समुद्र राहिला नाही, खारेपणा जाऊन अमृताचा झाला.

आता व्यवहाराचं. उच्चाराला आरव सोपं, त्यात वाद नाही. दोन वर्षांचं पोर स्वतःचं नाव स्वच्छ सांगतं, परदेशातही कुणाची जीभ अडत नाही. अर्णवमधला 'र्ण' लहान तोंडाला जड जातो. शेजारचा छोटा अर्णव अजून स्वतःला 'अन्नव' म्हणतो. वऱ्हाडात आणि खानदेशात बोलताना ण चा न होतो, तिथे 'अर्नव' ऐकायची तयारी ठेवावी. इंग्रजी लिपीत तर ण उरतच नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ण हे आपल्या कानाचं अक्षर आहे.

लिहिताना मात्र आरवला जपावं लागतं. कुणी दोन ए लावतं, कुणी एक. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं असं झालं तर पुढे पासपोर्टच्या वेळी हेलपाटे पडतात. जे ठरवाल तेच पहिल्या दिवसापासून सगळीकडे लावा. नाव ठरायला वेळ लागला तरी घाबरू नका: जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात नाव नंतरही घालता येतं आणि पहिल्या 12 महिन्यांत त्याचं शुल्क लागत नाही.

आरव नावाची मुलंही खूप झाली आहेत. माझ्या मुलीच्या वर्गात दोन आहेत, बाई त्यांना आडनावासकट हाक मारतात. वर्गात आपलंच नाव एकट्याचं असावं असं वाटत असेल, तर अर्णवही काही दुर्मीळ नाही, पण कमी ऐकू येतं. शिवाय 'आरव आरवतो' ही चिडवाचिडवी मराठी शाळेत होणारच. ज्या घरात ती हसण्यावारी नेतात तिथे तिचं काही वाटत नाही.

तुमचं आडनाव जोडून, वडिलांचं नाव मध्ये घालून, दारातून मोठ्याने हाक मारून बघा. आम्ही तेच केलं. आईने अंगणातून 'अर्णवाऽऽ' अशी लांब हाक मारली, आणि ण वर तिचा आवाज जरा रेंगाळला तिथेच भावाचं ठरलं.

पाळण्यावरच्या पाटीवर आम्ही नावाखाली 'बोलते जे अर्णव पीयूषांचे' लिहिलं. तुमचं आरव ठरलं, तर 'शांत' असं छापू नका. त्याच ओवीची पहिली ओळ लिहा.