फरशी न फोडता गळती थांबते? एपॉक्सी ग्राउट, भाड्याच्या फ्लॅटच्या हिशेबाने

भाड्याने देण्यासाठी जुना रिसेल फ्लॅट घेतला की पहिली तक्रार बहुधा खालच्या मजल्यावरून येते: तुमच्या बाथरूमची ओल आमच्या छताला उतरतेय. फरशी उखडून, सनकनमधला (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधला) विटांचा भराव उपसून नव्याने वॉटरप्रूफिंग करणं हा पक्का इलाज. पण त्यात बाथरूम बरेच दिवस बंद आणि भाडंही बंद. शिवाय आयकरात भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं वेगळी धरली जात नाहीत. म्हणून लाद्यांमधले जुने सांधे खरवडून त्यांत एपॉक्सी ग्राउट, म्हणजे वाळून कडक होणारा रेझिनचा मसाला, भरायची तडजोड लोक करतात. दुखणं सांध्यांचंच असेल तर ती चांगली तडजोड आहे. नसेल तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्यामुळे डबा आणण्याआधी तपासणी. फ्लॅट बंद असूनही खाली ठिबकणं कमी होत नसेल, तर बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवा. ठिबकणं थांबलं तर दोष भिंतीतल्या पाइपात. तसं नसेल तर नहाणीचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी 24 तास साठवा. खाली ओल वाढली तर सांधे किंवा फरशी. वाढली नाही, पण बूच काढून दोन बादल्या ओतताच टपकलं, तर नहाणी ट्रॅपचा (पाणी निघायच्या तोंडाखाली बसवलेल्या भांड्याचा) जोड गेलाय, आणि तो कुठल्याही ग्राउटने सांधला जाणार नाही. शेवटी नाण्याने प्रत्येक लादी वाजवून बघा. पोकळ वाजणारी लादी पायाखाली हलते आणि शेजारचा नवा सांधा पुन्हा सुटतो. अशा लाद्या आधी बदलून घ्या.

एपॉक्सी ग्राउट तीन भागांत येतो: रेझिन, हार्डनर आणि रंगीत भुकटी. 4 बाय 6 फुटांचं बाथरूम, एक फुटी लाद्या, 3 मिमी सांधे, 8 मिमी खोली धरली तर फरशीला साधारण 600 ग्रॅम लागतो. भिंतीची खालची फूटभर पट्टी धरली तर एक किलोत जेमतेम भागतं, म्हणून दोन किलो आणावा. काम अर्धवट थांबलं तर जोडाची रेघ राहते.

सांधा लादीच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोल खरवडला पाहिजे. कामाची सगळी मेहनत इथेच आहे आणि गवंडी नेमका इथेच हात आखडता घेतो. वरवर लिंपलेला ग्राउट पापुद्र्यासारखा निघतो. धूळ झाडून सांधे पूर्ण वाळू द्या. ओल्या सांध्यात एपॉक्सी नीट धरत नाही. रेझिन आणि हार्डनर आधी एकजीव करा, मग भुकटी घाला. अर्धाच माल कालवायचा असेल तर तिन्ही भाग वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. कालवलेला माल अर्धा-पाऊण तास टिकतो, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. दहा-पंधरा मिनिटांनी लादीवरचा थर कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ घासणीने पुसा. तो रात्रभर राहिला तर तासूनच काढावा लागतो. 24 तास पाय नको, आठवडाभर आंघोळ नको.

भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात मात्र एपॉक्सी भरू नका. तो कडक असतो, थोड्या हालचालीनेही चिरतो. तिथे लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सिलिकॉन सीलंटच हवा.

सिमेंटच्या ग्राउटपेक्षा हा कितीतरी महाग, तरी भाड्याच्या घरात पैसे वसूल होतात. बाथरूम धुवायला भाडेकरू सर्रास ॲसिड वापरतात आणि ते सिमेंटचा सांधा खाऊन टाकतं; एपॉक्सी बऱ्यापैकी तग धरतो. रंग राखाडी घ्या, पांढरा पुढे पिवळट पडतो.

सांध्यांच्या गळतीला पाचपैकी चार गुण, ट्रॅप किंवा पाइपाच्या गळतीला शून्य. विकायच्या आधी डाग झाकण्यापुरता हा लावणं मात्र सरळ चूक आहे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे.

काम झाल्यावरही भरावात मुरलेलं पाणी काही दिवस ठिबकत राहतं. खालच्यांना हे आधीच सांगा आणि छत पूर्ण कोरडं होईपर्यंत तिथे रंग लावू देऊ नका, नाहीतर पोपडे पुन्हा धरतील.