तीस हजारांत घरचा कम्प्युटर: ऑफिसमधून आलेला जुना, नवा असेंबल की लॅपटॉप?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये ‘घरासाठी कम्प्युटर हवाय, तीस हजारांपर्यंत’ एवढं सांगितलं की तीन प्रकारचा माल समोर येतो. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, साफसूफ करून विकायला ठेवलेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप, सुटे भाग जोडून दिलेला नवा असेंबल सेट, किंवा खोकाबंद लॅपटॉप. पैसे देण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. लॅपटॉपच्या तीस हजारांत स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड, कॅमेरा, वाय-फाय सगळं येतं. डेस्कटॉपमध्ये मॉनिटरला साधारण सहा-सात हजार, यूपीएसला अडीच-तीन हजार आणि कीबोर्ड-माउसला हजारभर बाजूला काढले, की मूळ यंत्रासाठी वीसच हजार उरतात.

या वीस हजारांत आमचा कौल रिफर्बिश्डला आहे. अट एवढीच की कम्प्युटर घरात एकाच जागी राहणार असेल आणि काम ऑनलाइन वर्ग, बँक, टायपिंग, एक्सेल, व्हिडिओ बघणं असंच असेल. कॉलेजला रोज न्यायचा असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. असेंबल सेट चांगला असतो, पण तो वीस हजारांत बसवायला गेलं की कात्री नेमकी एसएमपीएसवर (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) किंवा रॅमवर चालते. त्यासाठी एकूण चाळीस हजारांची तयारी ठेवा.

रिफर्बिश्ड: ‘आय फाइव्ह’ नव्हे, पिढी विचारा

आय फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव 2009 पासून चालू आहे, त्यामुळे नुसतं ‘आय फाइव्ह आहे’ याने काहीच कळत नाही. पुढचा आकडा बघा. 6500 म्हणजे सहावी पिढी, 7500 सातवी, 8500 आठवी. विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. शिवाय 7500 मध्ये चार कोअर (काम वाटून घेणारे भाग) आहेत, 8500 मध्ये सहा. म्हणून या दोन यंत्रांतला दीड-दोन हजारांचा फरक वाचवणं महागात पडतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्येही अशीच रेघ आहे: रायझन 3 2200जी विंडोज 11 च्या यादीबाहेर, 3200जी यादीत. ‘सातव्या पिढीवरही विंडोज 11 टाकून देतो’ असं दुकानदार म्हणेल. टाकता येतं हे खरं, पण अशा यंत्राला पुढचे सुरक्षा अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सातव्या पिढीचं यंत्र अगदी स्वस्तात मिळत असेल आणि घरात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालणार असेल तर जरूर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आकारही बघावा लागतो. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर हे तिन्ही उंच टॉवर, सडपातळ एसएफएफ आणि पुस्तकाएवढ्या छोट्या डब्यात मिळतात. छोट्यात लॅपटॉपची रॅम लागते आणि वीज बाहेरच्या अडॅप्टरवर येते. सडपातळमध्ये फक्त कमी उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसतं. जागा असेल तर टॉवर घ्या. मात्र एक खोच टॉवरलाही आहे. यातल्या बऱ्याच मॉडेलांच्या एसएमपीएसचा मुख्य कनेक्टर नेहमीचा 24 पिनांचा नसतो. तो जळाला तर जेल रोडच्या बाजारातून साधा एसएमपीएस आणून लावता येत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. त्यामुळे घेतानाच विचारा: याचा सुटा एसएमपीएस तुमच्याकडे मिळतो का, आणि वॉरंटीत तो धरलाय का? बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

दुकानात पंधरा मिनिटं बसून तपासा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसर आणि रॅम दिसते. नंतर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एसएलएमजीआर’, एक जागा, मग ‘/एक्सपीआर’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. विंडोज कायमचं अॅक्टिव्हेट आहे असा संदेश यायला हवा. तिथे एखादी तारीख दिसली तर ते तात्पुरतं अॅक्टिव्हेशन आहे, काही महिन्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात तगादा सुरू होईल. ऑफिसच्या यंत्रांत बहुधा विंडोज प्रोचं लायसन्स मदरबोर्डमध्येच असतं, त्यामुळे खरं लायसन्स मागणं ही जास्तीची मागणी नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून एसएसडीचं (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कचं) आरोग्य किती टक्के आहे तेही बघा. नव्वदच्या खाली असेल किंवा ब्रँड ओळखीचा नसेल, तर नवी 500 जीबी एसएसडी घालून भाव सांगा म्हणावं. विंडोज फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर ते यंत्र तसंच घेऊ नका, कितीही चांगला प्रोसेसर असो.

मागचे पोर्टही बघून ठेवा. यांवर बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट असतो. त्यातून एचडीएमआयला साधी केबल चालते, पण घरातल्या जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी अॅक्टिव्ह कन्व्हर्टरच (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) लागतो.

लॅपटॉप: नवा आहे म्हणून वेगवान असेलच असं नाही

तिशीच्या आतल्या नव्या लॅपटॉपमध्ये फसगत सर्वांत सोपी. सेलेरॉन एन4020 मध्ये दोनच कोअर असतात आणि सोबत 64 जीबीची ईएमएमसी (बोर्डवरच पक्की बसवलेली छोटी साठवणूक) असेल तर विंडोजचे दोन मोठे अपडेट झाले की जागा संपते. रायझन 3 7320यू या नावातला 7 बघून अगदी ताजा माल वाटतो, पण या क्रमांकातला तिसरा आकडा रचना सांगतो. इथे तो 2 आहे, म्हणजे झेन 2 ही एएमडीची रचना, मूळ 2019 ची. चालतो बरा, पण याची रॅम बोर्डवर पक्की बसवलेली असते. 8 जीबी घेतली की कायम 8 जीबी. त्यापेक्षा आय थ्री 1215यू, सहा कोअर आणि रॅमचा एक रिकामा खाचा, असा लॅपटॉप सवलतीच्या दिवसांत मिळाला तर तो चार-पाच वर्षं नीट साथ देतो. ‘स्लॉट आहे का’ हे मॉडेलच्या पूर्ण क्रमांकावरून विचारा. एकाच नावाच्या दोन मॉडेलांत यात फरक असतो.

लॅपटॉपची मोठी जमेची बाजू म्हणजे लाइट गेली तरी काम थांबत नाही. तोट्याची बाजू उष्णता. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि त्यात चोवीस तास चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी फुगू शकते. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, पहिल्याच दिवशी ती चालू करा. घरात कुणी मध्य प्रदेशच्या सीपीसीटीची (सरकारी नोकरीसाठीच्या कम्प्युटर-टायपिंग परीक्षेची) तयारी करत असेल तर लॅपटॉपला साधा पूर्ण आकाराचा कीबोर्ड जोडा. हिंदी टायपिंगचा हात लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर नीट बसत नाही.

असेंबल: कात्री कुठे लावायची नाही

दोन प्रोसेसर खात्रीचे: रायझन 5 5600जी (सहा कोअर, चित्रासाठी वेगळ्या कार्डची गरज नाही) किंवा आय थ्री 12100. दुसरा घेताना शेवटी ‘एफ’ नाही ना ते पाहा. 12100एफमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहतो. 12100 साठीचा एच610 मदरबोर्ड डीडीआर4 आणि डीडीआर5 अशा रॅमच्या दोन प्रकारांत येतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही. 5600जीला 8 जीबीच्या दोन काड्या द्या, 16 ची एक नको. त्याचं ग्राफिक्स रॅममधूनच चालतं आणि दोन काड्यांनी रस्ता दुप्पट रुंद होतो. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, म्हणून जुन्या कोटेशनवर विसंबू नका. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला घ्या. ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरला निर्मात्याची थेट वॉरंटी नसते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस नाकारा आणि 80 प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) 450 वॉटचा वेगळा घ्या. हलका एसएमपीएस जाताना कधीकधी बोर्डालाही घेऊन जातो. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर हीच वाट योग्य. नुसत्या अभ्यासाला आणि बँकेला एवढा खर्च नको.

घरची वीज, मग जोडणी

स्नेहलतागंज-रामबागकडच्या जुन्या घरांत अर्थिंग तपासल्याशिवाय डेस्कटॉप लावू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुतेक वेळा अर्थ तुटलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज-न्यूट्रलला 230 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थलाही जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थला दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. तीन पिनांचा प्लग टू-पिन कन्व्हर्टरवर लावला तर अर्थच कापला जातो.

600 व्हीएचा यूपीएस या कामाला पुरतो, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर करा, म्हणजे लाइट जाताना तो पटकन बदलतो आणि कम्प्युटर रीस्टार्ट होत नाही. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कुरकुर करतात, साइन वेव्ह हवा. विजेच्या खर्चाने मात्र घाबरू नका. 30 वॉट घेणारं यंत्र रोज सहा तास चाललं तर महिन्याला साडेपाच युनिटही होत नाहीत, मॉनिटर वेगळा.

रिफर्बिश्ड घरी आणलं की आधी प्लग काढा, झाकण उघडा, ब्रशने धूळ झाडा आणि नाण्याएवढा सीआर 2032 सेल बदला. हा उतरला की तारीख मागे जाते, आणि मग बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. लोक व्हायरस समजून विंडोज पुन्हा टाकत बसतात. चालू केल्यावर बीप वाजून स्क्रीन आली नाही तर रॅमची काडी काढून दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा, प्रवासात ती सैल होते.

विंडोज 11 सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि या डेस्कटॉपांत वाय-फाय सहसा नसतं. राउटरची केबल पोचत नसेल तर फोन यूएसबीने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, सेटअप पुढे सरकतो. वाय-फायचा डोंगल त्यानंतर बसवा. मग सगळे अपडेट होऊ द्या, याला दोन-तीन तास लागतात. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडताना इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड घ्या. टायपिंग शिकलेल्याला पहिला लागतो, आणि फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्या आजी-आजोबांना दुसरा. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून ते अदलाबदल करता येतात, हे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.