सगळे सत्यजित राय पाहायचे ठरवलंय: सालाप्रमाणे की गटागटाने?

लघुपट आणि माहितीपट धरून सत्यजित राय यांचे ३६ चित्रपट होतात. 'पथेर पांचाली'पासून (१९५५) 'आगंतुक'पर्यंत (१९९१) सालाप्रमाणे जायचं, की एकमेकांशी नातं असलेले चित्रपट जोडून पाहायचे?

गटाने पाहिलं की गोडी लवकर लागते. अपूचे तिन्ही चित्रपट ('पथेर पांचाली', 'अपराजितो', 'अपूर संसार') सलग पाहा. गावातलं पोर बघता बघता बाप होतं आणि मागच्या मरणांचं ओझं तिसऱ्या चित्रपटात आपल्याही खांद्यावर येतं. सालाप्रमाणे गेलात तर 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' यांच्या मध्ये 'पारश पाथर' आणि 'जलसाघर' येतात, धागा थोडा सुटतो. गुपी-बाघा या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जोडीच्या दोन चित्रपटांत ('गुपी गाइन बाघा बाइन', 'हीरक राजार देशे') तर ११ वर्षं. घरात मुलं असतील तर हे दोन आणि फेलूदा या गुप्तहेराचे दोन ('सोनार केल्ला', 'जय बाबा फेलुनाथ') सुट्टीत आधी दाखवा, क्रम गेला खड्ड्यात. कलकत्त्याचे तीन ('प्रतिद्वंद्वी', 'सीमाबद्ध', 'जन अरण्य') कसेही गेलात तरी जवळजवळच येतात.

तरीही माझा कौल सालाच्या क्रमालाच. त्यात राय शिकत जाताना दिसतात. 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं, दिव्यांचा उजेड त्याच्यावरून खाली परतवला आणि खऱ्या अंगणात उतरतो तसा मऊ, बिनसावलीचा प्रकाश मिळवला. 'तीन कन्या'पासून (१९६१) संगीतही राय स्वतःच देऊ लागले.

हे सगळं 'चारुलता'त (१९६४) एकत्र येतं. दुपारची वेळ, मोठं सामसूम घर. चारू छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीकडे धावते, झडपेतून रस्त्यावरची माणसं बघते. तेवढ्यात नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो. ती दुर्बीण डोळ्याला लावते आणि पाठमोऱ्या नवऱ्याला पाहते. संवाद जवळजवळ नाहीत, पण त्या घरातलं अंतर आपल्याला मोजून मिळतं. आधीचे चित्रपट ओळीने पाहून इथे पोचलात तर एवढी सफाई कुठून आली हे कळतं.

शेवटच्या चित्रपटांना तर क्रम हवाच. 'घरे बाइरे' चालू असताना, १९८३मध्ये, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नंतरचे चित्रपट बरेचसे खोल्यांमध्ये घडतात आणि बोलतात जास्त. 'गणशत्रू' सुटा पाहिला तर नाटकासारखा वाटेल आणि तुम्ही त्याला मोडीत काढाल. त्यामागची तब्येत माहीत असली की तोच चित्रपट आदराने बघाल.

सबटायटल वाचत पाहायची सवय नसेल तर एक सूट घ्या. 'सद्गती' (१९८१) हिंदीत आहे, दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराहूनही लहान. त्यात स्मिता पाटील आणि मोहन आगाशे आहेत, आणि ओम पुरी ज्या गाठाळ ओंडक्यावर कुऱ्हाड घालत राहतात तो ओंडका विसरता येत नाही. एका संध्याकाळी तेवढा पाहा, आणि पुढच्या रविवारी 'पथेर पांचाली' लावा.