वाईत चार दिवस फक्त पळायला राहिले: कृष्णाकाठचे रूट्स, पसरणीचा घाट आणि मुक्काम

फेब्रुवारीत चार दिवस वाईला जाऊन राहिले, फक्त पळायला. तेव्हापासून ग्रुपमधे जो तो विचारतोय, कुठे राहिलीस, कुठले रूट केलेस, एकटीने पळायला ठीक आहे का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी गेले का ते सांगते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन माहितीच असेल, 2012 पासून होते, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला जायचं आणि तसंच खाली यायचं. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा केली. चढ निभावला, पण उतारावर मांड्या अशा भरून आल्या की शेवटचे तीन किलोमीटर चालतच आले. कोचने तेव्हाच सांगितलं होतं, ताई तुमचा चढाचा सराव झालाय, उताराचा शून्य आहे. पुण्यात सिंहगडचा घाट आहेच, पण रविवारी तिथे इतक्या गाड्या असतात की उतारावर मोकळं पळताच येत नाही. वाईत काय आहे, की खाली नदीकाठचा सपाट रस्ता आणि तिथूनच वर जाणारा लांब घाट, दोन्ही एका मुक्कामात मिळतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की लोक वाईला येऊन थेट घाटाला भिडतात ते चुकतं, आधी दोन दिवस नदीकाठी पळा, मग वर जा.

मुक्काम मेणवलीच्या वाटेवर एका शेतकरी कुटुंबाच्या घरी होता, दोन खोल्या पाहुण्यांना देतात. काकूंना विचारल्याशिवाय नाव नंबर टाकणं बरं वाटत नाही, वाईत कुणालाही विचारलंत तरी असं घर मिळेल. खोली साधी, गादी कडक (मला तेच हवं होतं), गरम पाणी बंबाचं. पळणाऱ्या माणसाला लागतं ते सगळं मात्र होतं, म्हणजे पहाटे साडेपाचला चहा, रात्री साडेसातला जेवण आणि आल्याआल्या बसायला अंगणात ओटा. याआधी एकदा वाईजवळच एका मोठ्या हॉटेलात राहिले होते, तिथे सकाळी पावणेसहाला मेन गेटला कुलूप, वॉचमन सापडेना, रिसेप्शनवर कुणी नाही, पाऊण तास लॉबीत बूट घालून बसले आणि तोवर ऊन वर आलं. त्यामुळे बुकिंग करताना स्विमिंग पूल आहे का हे विचारू नका, गेट किती वाजता उघडतं ते विचारा.

पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "ताई, एवढ्या पहाटं एकल्या कुठं पळताय, थंडी बघा किती हाय." मी सांगितलं धोमपर्यंत जाऊन येते. त्यांनी आत जाऊन दोन राजगिऱ्याच्या वड्या आणून खिशात कोंबल्या, म्हणाल्या, "कुत्री आली तर पळू नका, उभ्या ऱ्हावा, आपोआप जात्यात." हा सल्ला चारही दिवस कामाला आला.

आता रूट. माझ्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे वाईचा गणपती घाट ते धोम. सुरुवात ढोल्या गणपतीपासून केली. हे देऊळ 1762 चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. वॉर्मअप करताना ती भिंत पाठीमागून जाऊन नक्की बघा, दिवस उजाडायच्या आधी नदीवर धुकं असतं आणि ती दगडी टोकदार बाजू त्यातून पुढे आलेली दिसते, मी तिथे स्ट्रेचिंग विसरून उभीच राहिले.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. रस्ता जवळजवळ सपाट, अधेमधे वडाची झाडं, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला हळद. जाताना पश्चिमेकडे जायचं असल्यामुळे ऊन पाठीवर येतं, डावीकडे पाचगणीच्या पठाराची कातळी कड आणि उजवीकडे पांडवगड, आणि आधी डोंगरमाथे केशरी होतात, खाली आपण अजून सावलीतच पळत असतो. हे दहा पंधरा मिनिटं टिकतं फक्त. सव्वासहाला निघालात तर मिळेल, सातला निघालात तर गेलं. परतताना मात्र ऊन थेट डोळ्यांवर, टोपी विसरू नका.

मेणवलीला थांबावंच लागतं. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, आणि मेणेश्वराच्या देवळापाशी ती मोठी घंटा. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. मी हात लावून बघितली, पहाटेच्या थंडीत धातू इतका गार की बोटं मागे घेतली. घाटावर एक आजी कपडे धूत होत्या, त्यांच्या धोपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत यायचा. घड्याळ पॉज करा आणि पाच मिनिटं बसा, पेसचं, म्हणजे पळायच्या वेगाचं, काही बिघडत नाही.

मेणवलीच्या पुढे धोमपर्यंत रस्ता हळूहळू चढतो, इतका हळू की डोळ्याला कळत नाही पण पिंडऱ्यांना कळतो. धोम गावात नरसिंहाचं देऊळ आणि धोमेश्वर, तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय, भोवती कुंड, असा नंदी मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. मी तिथूनच परत फिरले, धरणाच्या भिंतीकडे गेले नाही आणि तुम्हीही पळायला म्हणून जाऊ नका. जाऊन येऊन माझ्या घड्याळात सतरा किलोमीटर आणि वर थोडं, आरामात लॉंग रन होतो.

फेब्रुवारीत गेल्याचा एक फायदा असा झाला जो मला आधी माहितीच नव्हता. हळदीची काढणी चालू असते. परतताना एका शिवारात मोठ्या कायलीत हळद शिजत होती, खाली जाळ, वर पांढरी वाफ, आणि वास असा की मातीचा, आल्याचा आणि ओल्या लाकडाचा मिळून एकच. बाजूला आधी शिजवलेली हळकुंडं ताडपत्रीवर पसरलेली, वरून मळकट आणि मोडलं की आतून नारंगी. तिथले दादा म्हणाले, "या की, घ्या एक मोडून." मी मोडलं, संध्याकाळपर्यंत बोटं पिवळी होती. आपण किलोने हळद आणतो पण ती जमिनीतून निघून एवढी उकळून, वाळवून, घासून मग डब्यात येते हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

याच सीझनचा तोटाही सांगते. ऊसतोड चालू असते. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून येतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत असतो आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. त्यामुळे इयरफोन अजिबात नको, उजव्या कडेने समोरून येणाऱ्या गाड्या बघत पळा आणि ट्रॉली दिसली की सरळ रस्ता सोडून मातीत उतरा. अंधारात निघणार असाल तर हेडलॅम्प आणि मागे लाल ब्लिंकर हवाच, हे मी हट्टाने सांगतेय.

दुसऱ्या दिवशी एका ॲपवर कुणीतरी टाकलेला नदीकाठचा शॉर्टकट घेतला. पाऊण किलोमीटर पाणंद छान होती आणि मग थेट उसात शिरली, पुढे वाट नाही, हातांना उसाची पानं कापली. वीस मिनिटं गेली. पाणंदीने जायचं तर शेतावरच्या माणसाला विचारून जा, ती त्यांची जागा आहे आणि विचारलं की आनंदाने सांगतात.

आता पसरणीचा घाट. वाई साधारण 720 मीटरवर आणि पाचगणी 1290 च्या आसपास, म्हणजे बारा एक किलोमीटरमधे पावणेसहाशे मीटर चढ. घाटाच्या पायथ्याला पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचं हे जन्मगाव, सकाळी दूध घालणाऱ्यांच्या मोटरसायकली सोडल्या तर शांत असतं. गाव सुटलं की चढ लागतो आणि मग सुटत नाही. चढ अंगावर येणारा नाही, एकसारखा आहे, त्यामुळे एक लय सापडली की ती धरून ठेवता येते. मी श्वास मोजत गेले, तीन पावलं आत, दोन पावलं बाहेर, आणि वळणावर नेहमी बाहेरच्या बाजूने, कारण आतल्या बाजूला चढ जास्त तीव्र असतो आणि गाडीवाल्याला आपण दिसत नाही. निम्म्याच्या वर गेलं की कठड्यावरून अख्खं खोरं दिसतं, खाली वाईची घरं, पलीकडे धोमचं पाणी, आणि ज्या रस्त्याने दोन दिवस पळलो तो बारीक रेघेसारखा. म्हणूनच म्हणते आधी खाली पळा. खालची प्रत्येक जागा ओळखू येते, तो मेणवलीचा वड, ती हळदीची वाफ, आणि चढताना दम लागलेला असतो तेव्हा त्या ओळखीने फार बरं वाटतं.

हा घाट फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी करा. शनिवार रविवार महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, धूर आणि ओव्हरटेक, पळायची जागाच नाही. मी बुधवारी केला, सहाला निघाले. माकडं आहेत, हातात खाऊ धरू नका, कमरेच्या पट्ट्याच्या आत ठेवा. पाणी सोबत न्या, मधे भरवसा ठेवण्यासारखं काही उघडं नव्हतं.

आणि उतार. ज्यासाठी गेले होते तो. वरून लगेच पळत सुटायचं नाही, आधी दहा मिनिटं चाला. मग पावलं छोटी, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, टाच पुढे फेकायची नाही, हात थोडे बाहेर. पहिले चार किलोमीटर मी मुद्दाम ब्रेक लावत आले आणि मांड्या पेटल्या, मग कोचचं आठवून अंग किंचित पुढे सोडलं आणि पावलं भराभर टाकली, तेव्हा एकदम हलकं झालं. पसरणीत पोचले तेव्हा पाय थरथरत होते पण चालत नव्हते, पळत होते. तिथल्या पारावर बसून मी खरंच रडले थोडी.

चौथ्या दिवशी फक्त घाटांवरून हळू जॉग, वाईला कृष्णेवर सात घाट आहेत, पायऱ्यांवर पळू नका, शेवाळ असतं. पांडवगड बघायचा होता पण 1273 मीटरचा तो किल्ला चढायचा आहे, पळायचा नाही, आणि दमलेल्या पायांनी घसाऱ्यावर जाणं मला पटलं नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवेन.

जेवणाबद्दल दोन शब्द, कारण घाटाच्या आदल्या रात्री काय खाल्लं हे सगळे विचारतात. इंद्रायणीचा गुरगुट्या भात, घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि अगदी थोडा खर्डा. पोट हलकं राहिलं आणि सकाळी बारा किलोमीटर चढाला पुरलं. घाटावरून आल्यावर काकूंनी गरम दुधात ताजी हळद किसून दिली आणि म्हणाल्या, "पायाला बी लावा थोडी, तेलात कालवून." लावली. चादरीवर डाग पडले, मी सॉरी म्हटलं तर म्हणाल्या, "हळदीचं काय सॉरी, उन्हात घातली की जातंय."

मुक्कामाला पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क रात्री शेजारच्या पंपाच्या आवाजासाठी कमी. मेणवली धोम रस्त्याला पूर्ण पाच. पसरणी घाटाला बुधवारी पाच, रविवारी दोन. जुलैत परत जातेय, तेव्हा पावसात घाटाचा रस्ता किती निसरडा होतो ते इथेच खाली लिहीन, खोली आत्ताच सांगून ठेवलीये.